करडीतला वन्स मोअर

सुगतने डोळे मिटले. समोर बसलेल्या करडी गावच्या लोकांना वाटलं, पोरगा सुरात बुडाला. खरं तर पोरगा पुढचं विसरला होता.

मांडी घालून बसलेला, व्हायोलिनचं डोकं घोट्याशी टेकवलेलं, कपाळावर घाम. त्याने मान एका बाजूला टाकली, चेहऱ्यावर अपार दुःख आणलं आणि बोटं सुचतील तशी पळवली. दोन तारा एकदम वाजल्या, सूर वर वर चढत गेला, एका जागी तार चक्क किंचाळली, आणि मग गज घसरत घसरत खाली आला. पहिल्या रांगेतल्या देवकाबाईंनी पदराने डोळे पुसले. तेवढ्यात सुगतला पुढची वाट सापडली. त्याने डोळे उघडले आणि आठ मिनिटांची रचना मोठ्या रुबाबात संपवली.

समाजमंदिर टाळ्यांनी दणाणलं. सुगतने हळूच धनंजय सरांकडे पाहिलं.

धनंजय सर त्याचे गुरू. भंडाऱ्याहून एसटीने मुद्दाम त्याला ऐकून पारखायला आले होते. पुढच्या महिन्यात तिथे मोठा कार्यक्रम होता आणि त्यात एकट्याने व्हायोलिन वाजवायची एकच जागा होती. तबला नाही, पेटी नाही, लपायला कोणी नाही. बारा वर्षं सुगत दुसऱ्यांच्या गाण्यामागे वाजवत आला होता. ही जागा त्याला जिवापाड हवी होती. सरांची अट एकच. रचना स्वतःची हवी आणि ती पक्की बांधलेली हवी.

"दुसऱ्या खेपेले तसंच वाजलं नाही तं ते तू रचलं नाही, तुह्या हातून सांडलं," असं सर म्हणायचे.

सूर न् सूर वहीत लिहिलेला आहे, असं सुगतने छातीठोकपणे सांगितलं होतं. वहीत मधलं एक पान नव्हतं. त्यावर चहा सांडला, ही थाप त्याने त्याच दमात मारून दिली होती. पान त्यानेच फाडलं होतं. त्यावरची अवघड जागा त्याने स्वतःच लिहिली होती आणि ती त्याला स्वतःलाच कधी वाजवता आली नव्हती. तिथे पोचला की तो डोळे मिटायचा आणि सगळं बोटांवर सोडून द्यायचा. काय वाजलं ते त्याचं त्यालाही नंतर आठवत नसे. लोक त्याला भाव म्हणत. सुगतने त्यांना कधी टोकलं नाही.

आता सर उठतील आणि पाठ थोपटतील, असं त्याला वाटलं. सर उठले नाहीत. त्यांनी तोंडाशी हात धरला आणि ओरडले, "वन्स मोअर!"

झाडीपट्टीत हा शब्द एकदा निघाला की मागे घेता येत नाही. नाटक असो की सत्कार, लोकांना आवडलं तर तेच, तसंच, पुन्हा करून दाखवायचं. तोवर कोणी जागचं हलत नाही. "वन्स मोअर!" डोमाकाकांनी खांबाजवळून हाक दिली आणि सगळं समाजमंदिर ओरडू लागलं. त्यात सुगतची भाची खुशबू पहिल्यापासून सगळं मोबाइलवर काढत होती. म्हणजे नंतर थाप मारायचीही सोय उरली नव्हती.

सुगतने पुन्हा सुरुवात केली. पहिली चार मिनिटं झकास गेली. मग ती जागा आली. त्याने डोळे मिटले, मान टाकली, दुःख आणलं. पण मघाशी काय वाजवलं होतं ते काही केल्या आठवेना. गज हवेत अडकला.

सर पुढे वाकले.

"अंऽऽ... अं अंऽऽ..."

आवाज त्याच्या आईचा होता. बायजाबाई म्हणजे रोवण्याच्या, भातलावणीच्या चिखलात गाणं धरणारी बाई. तिने ओळ टाकायची आणि मागच्या बायांनी उचलायची, ही वीस वर्षांची सवय. इथेही तेच झालं. तिने गुणगुणत सुरुवात केली, देवकाबाईंनी धरलं, मागच्या रांगेने उचललं. सुगतने डोळे उघडले आणि मुकाट्याने आईच्या मागे गज चालवू लागला. तार किंचाळायची जागा आली तेव्हा सगळ्या बायांनी मिळून असा काही आवाज काढला की दारातलं कुत्रं उठून गेलं.

रचना संपली. सरांनी खुशबूचा मोबाइल मागून घेतला आणि दोन्ही वेळचं वादन कानाला लावून ऐकलं.

"तेच सूर," ते म्हणाले. "तार बी तठीच बोंबलली. पक्की बांधलेली हाय रे! जागा तुही."

सुगतला आनंद झाला आणि त्याहून जास्त लाज वाटली. जागा मिळाली होती, पण जे आपण रचलंच नाही त्याच्यावर. त्याने सरांचे पाय धरले. "सर, खरं सांगू का? ते पान..."

पण सरांचं लक्ष बायजाबाईकडे होतं. "बाई, येवढं अवघड तुमी एकडाव ऐकून पाठ कसं केलं?"

"एकडाव कायले, सर?" बायजाबाई म्हणाली. "सहा महिने झाले ऐकून राहिली. पोट्टा रोज तठीच चुकते, अन् रोज तसाच्या तसाच चुकते!"