जिथून दुखतं

“कुठे दुखतं?” मिस्त्रीने विचारलं आणि कानामागचा खडू हातात घेतला.

नवरा या प्रश्नाची वाटच बघत होता. त्याने अंगातलं जाड काळं जॅकेट काढलं आणि न बघता मागे धरलं. मागे बायको होती. दोन्ही हेल्मेटं तिच्याकडे होतीच, आता जॅकेटही आलं.

“मनगटं,” तो म्हणाला. “मग मान. कंबरेचं तर विचारूच नका. गुडघे उतरल्यावर दोन मिनिटं सरळ होत नाहीत.”

मिस्त्रीने मोटरसायकलच्या हँडलच्या दोन्ही टोकांना खडूने फुल्या मारल्या. मग पुढच्या सीटवर एक, पुढच्या फुटरेस्टांवर एकेक.

“अहो, दुखतंय माझं मनगट. खूण हँडलवर कशाला?”

“दुखतं तिथे खूण करून काय उपयोग, साहेब? मी जिथून दुखतं तिथे करतो. खूण आहे तेवढंच बदलायचं. बाकी कशाला हात लावत नाही मी.”

नवऱ्याला हे फारच पटलं. मिस्त्रीला माप घेता यावं म्हणून तो गाडीवर चढून टाकीवर पालथा पडला आणि त्याने पुन्हा पाढा सुरू केला. चहाचा कप उचलताना मनगट कसं ठणकतं, मान वळवताना कशी कळ येते. “आणि ब्रेक मारला की ही मागून अंगावर येते. सगळा भार माझ्या हातांवर.”

या मिस्त्रीचा पत्ता बायकोनेच तिच्या शाळेतल्या एका बाईंकडून मिळवला होता. आज अर्धी रजा टाकली होती ती मागच्या सीटसाठी. त्या सीटला सीट म्हणायचं म्हणजे कमालच होती. पाटीएवढी गादी, तीही टणक, उंच आणि पुढे उतरती. रोज त्या गादीवर बसून ती शाळेत जायची आणि पाच तास फळ्यासमोर उभी राहायची, कारण खुर्चीवर बसवत नव्हतं. माकडहाड सुजलं होतं. असंच चाललं तर दुखणं कायमचं मागे लागेल, असं डॉक्टरांनी नवऱ्याच्या तोंडावर सांगितलं होतं. “मागची सीट बदलून टाकू,” असं तो तिथेही म्हणाला होता आणि आज निघतानाही.

“ताई, तुम्हाला कुठे दुखतं?” मिस्त्रीने विचारलं.

तिने तोंड उघडलं, पण उत्तर टाकीवरून आलं. “तिला काय होतंय? ती नुसती बसते.”

“डॉक्टर काय म्हणाले ते सांग की यांना.”

“अगं, ते बघू नंतर. मागे रुंद सीट टाकली की गाडीचा सगळा लूक जातो. विचार यांना.”

“मला नका विचारू,” मिस्त्री म्हणाला. “मी लूकचं काम करत नाही.”

“तेच ते. मागे खूण नको.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसती बसते! प्रत्येक खड्ड्याला दात आवळून नुसती बसते. अंगावर येते म्हणे. हौस म्हणून येते का? त्या उतरत्या गादीवरून माणूस पुढे नाही घसरणार तर काय मागे चढणार? हातातलं हेल्मेट त्याच्या टाळक्यात घालावं असं तिला वाटलं. हेल्मेटं दोन होती आणि टाळकं एकच, एवढीच अडचण.

मिस्त्री कामाला लागला आणि नवरा त्याच्या डोक्यावर उभा राहून सूचना देऊ लागला. हँडल चांगलं उंच झालं, फुटरेस्ट खाली गेले, पुढच्या सीटमधला कडक फोम निघून मऊ फोम आला. एकेक काम झालं की मिस्त्री तिथली फुली फडक्याने पुसायचा. तासाभराने गाडीवर एकही फुली उरली नाही. त्याने खडू टेबलावर ठेवला.

नवरा नव्या सीटवर बसून आरशात स्वतःला न्याहाळत होता. बायकोने हेल्मेटं खाली ठेवली, जॅकेट टेबलावर पालथं पसरलं आणि खडू उचलला. एका खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत एक रेघ. दुसऱ्या खांद्यापासून दुसरी. चुकलेल्या गणितावर रोज मारायची तशीच, फक्त मोठी. दोन्ही रेघा तिने दोनदा गिरवल्या.

मिस्त्री बघत होता. त्याने फडकं खिशात घालून टाकलं.

“स्वर्ग आहे हो, स्वर्ग!” नवरा उतरला आणि सवयीप्रमाणे त्याने दोन्ही हात मागे केले. तिने त्याला जॅकेट चढवलं आणि खांद्यांवर नीट बसवलं.

“सगळ्या खुणा बरोबर जागी होत्या बघा, मिस्त्री!”

मिस्त्रीने त्याच्या पाठीकडे पाहिलं. “शेवटची तर अगदी बरोबर.”

नवरा खूश झाला. त्याने गाडी चालू केली. “चल, बस मागे.”

तिने त्याचं हेल्मेट त्याला दिलं. मग आपलंही त्याच्याच हातात दिलं. “तू जा. मी चालत जाईन. उद्यापासून माझी मी जाईन.”

“तमाशा नको हं इथे. किती फरक पडलाय बघ तरी.”

“तुला पडलाय. नुसतं बसायचं काम आता दुसऱ्या कुणाला दे.”

त्याने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री हत्यारं आवरत होता. मग दुसरं हेल्मेट कोपरात अडकवून, गाडी नको तेवढी रेस करत तो निघून गेला.

इतके दिवस तो गाडीवर पालथा पडलेला असायचा. आज प्रथमच ताठ बसला होता. चौकातल्या सिग्नलला तो थांबला, तेव्हा दुकानाच्या दारातूनही ती फुली दिसत होती, खांद्यापासून कमरेपर्यंत, रिकाम्या सीटच्या बरोबर पुढे.