गार्गीच्या जागी

ऑटो.

"खिडकी बघ कशी झकास आलीय," अनंत म्हणाला. "आणि तू म्हणजे नुसती सावली."

"ऑटोवर असंच होणार, बाबा. मागे एवढा उजेड. कॅमेरा त्याला भुलतो नि सगळंच अंधारून टाकतो."

मुलुंडच्या घरातल्या हॉलमध्ये सकाळपासून बापलेकीचं हेच चाललं होतं. विवाह मंडळाच्या साइटवर टाकायला गार्गीचा एक धड फोटो हवा होता. पोरीची पस्तिशी आली. आई गेल्यापासून आलेलं प्रत्येक स्थळ तिनं परतवलं. कारण एकच: बाबा एकटा पडेल. काल मात्र आपणहून म्हणाली, "काढ फोटो." तिचं मन पालटायच्या आत अनंतला काम उरकायचं होतं.

"तू माझ्या जागी उभा राहा," ती म्हणाली. "मी सेटिंग लावते, मग तू नुसतं बटण दाब."

तो खिडकीपाशी गेला.

"हा पांढरा सदरा नको. पांढरं दिसलं की कॅमेरा आणखी फसतो. निळा घाल."

"नुसतं उभं राहायला निळा काय नि पांढरा काय?"

"मी पण निळंच घालणारेय ना! जा."

तो निळा घालून आला. केसांवरून हातही फिरवून आला.

ॲपर्चर मोड.

एक्स्पोजर प्लस वन.

चेहरा उजळला. खिडकी पांढरीफटक.

"खिडकीची वाट लागली की गं!"

"लागू दे. आपल्याला माणूस दिसायला हवा. हस जरा."

"टेस्टला कसलं हसायचं?"

"गालांवर उजेड कसा पडतो ते बघायचंय. बाळकाकांचा केसांचा टोप आरतीच्या तबकात पडला होता, आठव."

अनंत खदखदून हसला.

क्लिक.

मग जागा बदलल्या. त्यानं बटण दाबलं. गार्गी स्वच्छ आली, हसरी आली. तिनं लॅपटॉप मांडीवर घेऊन माहिती भरली, फोटो चढवला, संपर्काला बाबाचा नंबर दिला.

"फोन तूच घे हं. मला नाही जमत ते बोलायला."

रविवारी फोन आला.

"नमस्कार. बोरिवलीहून सुहासिनी बोलतेय. मंडळाच्या साइटवरचा फोटो बघितला. फार आवडला."

मुलाची आई! अनंत सावरून बसला. "वा, वा! मुलगा काय करतो आपला?"

"ऑस्ट्रेलियात नोकरीला आहे. सून पण तिथेच."

"सून?" अनंतचा आवाज चढला. "अहो बाई, लग्न झालेल्या मुलासाठी स्थळं कसली बघताय?"

स्वयंपाकघरातला मिक्सर एकदम थांबला.

पलीकडे बाई हसल्या.

"त्याच्यासाठी नाही हो, अनंतराव. माझ्यासाठी. फोटो तुमचाच आहे ना?"