लाल दोऱ्यातला आकडा

पोतं उघडलं तेव्हा सगळ्यात वर तोच स्वेटर होता. सुईताईने तो उचलला, सवयीने गळा उलटा केला आणि तिचा हात तिथेच थांबला. आत लाल दोऱ्याने आकडा शिवलेला होता, २१३. टाके तिचेच होते.

विद्यार्थ्यांची हक्क समिती दर गुरुवारी चार वाजता जिन्याखालच्या या खोलीत जमायची. समिती म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. अकरा पोरं, एक कपाट, दोन टेबलं. एका टेबलावर पत्रं लिहायची, तुरुंगाच्या अधीक्षकांना, मंत्र्यांना, ज्याला म्हणून उत्तर द्यायचा कंटाळा आहे त्या प्रत्येकाला. दुसऱ्यावर थंडीसाठी गोळा केलेले कपडे. मागे एकदा समितीने वाटलेली ब्लँकेटं जुन्या बाजारात विकायला आलेली दिसली. तेव्हापासून प्रत्येक कपड्यावर आकडा शिवायचा आणि तो कुणाला दिला ते वहीत लिहायचं, हा नियम सुईताईने घातला होता. नावही त्यावरूनच पडलं. पोरं चिडवायची, "हिच्याजवळ फार वेळ उभे राहू नका, तुमच्याही मानेवर नंबर टाकेल."

२१२ आणि २१३ विसरणं शक्य नव्हतं. दोन्ही राखाडी, एका मापाचे, काकूंनी विणलेले. काकू म्हणजे शाळेतल्या मास्तरांची बायको. मास्तरांना आणि त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला एकाच पहाटे घरातून उचलून नेलं, त्याला आठ महिने झाले होते. भेट नाही, चिठ्ठी नाही. समितीने अर्जावर अर्ज केले, तेव्हा कुठे तुरुंगाच्या खिडकीत दोन स्वेटर घेतले, तेही प्रत्येकाच्या नावाने वेगळे. पोरगा बापाएवढा झाला होता, म्हणून माप एकच. कुठला आकडा कुणाचा ते सुईताईने वहीत उतरवलं होतं. आता मात्र डोकं खाजवूनही तिला ते आठवेना.

काकू तिथेच होत्या, पत्रांच्या टेबलाशी, पाठमोऱ्या. पाकिटांना डिंक लावत होत्या. एकही गुरुवार त्यांनी चुकवला नव्हता. घरी रिकामी बसले तर वेड लागेल, म्हणायच्या.

"हे पोतं कुणी आणलं?" सुईताईने हळूच नर्सबाईला विचारलं. नर्सबाईची नर्स व्हायला अजून दीड वर्ष होतं, पण हाक आधीच पक्की झाली होती.

"वॉचमनमामांकडे कुणीतरी ठेवून गेलं. पांढऱ्या गाडीतून आला होता म्हणे. आपल्या खोलीचा नंबर बरोबर सांगितला. म्हणाला, त्यांचंच आहे, त्यांना परत द्या." नर्सबाईने दाराकडे पाहिलं. "गाडी अजून समोरच उभी आहे."

तिने सुईताईच्या हातातून स्वेटर घेतला. धुतलेला, इस्त्री केलेला, दुकानातल्यासारखी घडी. ती उलगडली. काकूंनी विणला होता तो बंद गळ्याचा. हा समोरून, गळ्यापासून पार खालपर्यंत सरळ कापलेला होता आणि मग मशीनवर शिवून टाकला होता.

"असा कोण कापतो?" सुईताईने विचारलं.

"आम्ही कापतो," नर्सबाई म्हणाली. "दवाखान्यात. माणसाला हात वर करता येत नसेल तर."

स्वतःच्या शिस्तीचा सुईताईला आयुष्यात पहिल्यांदा संताप आला. आकडा नसता तर हा एक जुना राखाडी स्वेटर होता, कुणाच्या तरी अंगावर गेला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. तिने घाईघाईने तो पोत्यात कोंबायला घेतला.

"माझी वीण मला लांबूनही ओळखू येते," काकू म्हणाल्या.

त्या कधी उठून आल्या, त्यांनी किती ऐकलं, ते दोघींनाही कळलं नव्हतं. बोटांना डिंक तसाच होता. त्यांनी स्वेटर घेतला, शिवणीवरून अंगठा खालपर्यंत नेला, मग गळा उलटा करून आकडा वाचला. टेबलाभोवतीची पोरं लिहायची थांबली.

"काकू, अदलाबदल झाली असेल," सुईताई बोलू लागली. "आत काय, कुणाचं कुणाच्या अंगावर..." बोलता बोलता तिचं तिलाच ते पटेना.

"हा कुणाचा गं?"

"आठवत नाही. शप्पथ. वहीत आहे."

कपाट चार पावलांवर होतं. सुईताई गेली, कुलपात किल्ली घातली. कुलूप उघडलं.

"थांब. नको काढूस वही."

"पण काकू, कळायला तर हवं ना!"

"कळलं की मी एकासाठी रडायला बसेन," काकू म्हणाल्या. "दुसरा अजून त्यांच्याच हातात आहे. मी रडत बाहेर पडावं, एवढ्यासाठीच तो गाडीवाला थांबलाय."

पोतं अजून निम्मं भरलेलं होतं. आत खाली राखाडी काहीतरी दिसत होतं, निदान नर्सबाईला तसं वाटलं. तिचा हात तिकडे गेला. काकूंनी तो बाजूला केला, पोत्याचं तोंड आवळलं, सुतळीची गाठ मारली आणि तिच्यावर आणखी एक मारली.

मग पत्रांच्या टेबलाशी जाऊन त्यांनी पुढचं पाकीट ओढलं.

"थांबलात का? लिहा," त्या पोरांना म्हणाल्या. "दोघांचीही नावं घाला."