चौदा नंबरची वही

“बादली भरली की मी, सांडली तरी मीच. वरची टाकी दुरुस्त करणारा म्हणे पुढच्या महिन्यात येतोय. पंचवीस वर्षं त्याचा पुढचा महिनाच चाललाय,” कोपऱ्यातल्या गळतीखाली दुसरी बादली सरकवत शिपाई स्वतःशीच कुरकुरला.

पिढ्याताई हसली नाही. एरवी हसली असती. लोकांच्या पणज्या-खापरपणज्या शोधून देणं हा तिचा धंदा, म्हणून जन्मनोंदणीच्या या खोलीत ती पिढ्याताई. आज तिचं सगळं लक्ष घड्याळात होतं. अकरा वाजून दहा मिनिटं. बाराला समितीचे साहेब येणार. त्यांनी सही केली की उद्यापासून ही खोली बाहेरच्या माणसांना बंद. चांगली शंभर वर्षं.

“मावशी, चौदा नंबरची वही द्या ना.”

इथल्या वह्या सांभाळणाऱ्या दप्तरबाई एका वहीचा सुटलेला कणा शिवत होत्या. टाके इतके एकसारखे, की मशीननं लाजावं.

“बारा नंबरची घे. तीही छान आहे.”

“छान? पडदे घ्यायला आलेय का मी?”

शिपायानं तोंड फिरवलं.

“चौदा बांधणीला गेलीय,” दप्तरबाई म्हणाल्या.

“जेव्हा बघावं तेव्हा बांधणीला! बांधणी तर तुम्हीच करता. गेली कुठे, तुमच्या मांडीवरून टेबलावर?”

आज माघार घेऊन चालणार नव्हतं. पिढ्याताईच्या पिशवीत लोकांची चाळीस पत्रं होती. कुणाला भाऊ सापडला होता, कुणाला आजीचं खरं गाव. पण पत्रांनी साहेब विरघळणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. मूळ पान समोर ठेवायला हवं होतं, तिचं स्वतःचं. अनाथाश्रमातून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी इथे येऊन बसली, तिला कुणी हाकललं नाही, आणि मावशींनी वही उघडून धरली तेव्हा त्या पानावर तिला आई मिळाली, एवढंच तिला साहेबांना सांगायचं होतं.

त्या पानाची सहीशिक्क्याची नक्कल ती आजही जवळ बाळगून होती. आईचं नाव. वय बावीस. व्यवसाय, शिवणकाम. शेरा, बाळंतपणात मृत्यू.

“आई शिवायची म्हणून घेतलेलं ते मशीन आहे का गं अजून?” दप्तरबाईंनी मध्येच विचारलं.

“आहे की. उशीचा अभ्रा शिवायला घेतला, त्याची पिशवी झाली. आईचा हात काही उतरला नाही माझ्यात.”

दप्तरबाईंची सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली.

साडेअकरा.

“मावशी, कपाटाची किल्ली द्या.”

“सापडत नाहीये.”

“तुमच्या कोपराखाली आहे.”

“कपाट फुगलंय पाण्यानं. उघडत नाही.”

“बरं, मग निदान सही करा. वह्यांना लोकांपासून धोका नाही, एवढंच लिहा. तुमचा शब्द साहेब मोडणार नाहीत.”

“मी लिहून दिलंय परवाच,” दप्तरबाई वहीकडे बघत म्हणाल्या. “बंद करा म्हणून.”

पिढ्याताईनं पत्रांची पिशवी टेबलावर आपटली. मग आवाज फुटला तो रडका.

“का? काय घोडं मारलं हो मी तुमचं? उद्या माझ्यासारखी एखादी आली तर काय सांगायचं तिला? दार बंद आहे, आईबिई काही नाही, जा घरी? तुम्हीच दिलीत ना मला आई! त्या एका नावावर उभी आहे मी, मावशी. मुलीला तेच नाव ठेवलंय!”

“मुलीला?” दप्तरबाईंनी झटकन वर पाहिलं. “बोलली नाहीस कधी.”

पिढ्याताईनं किल्ली ओढून घेतली. कपाट पहिल्याच झटक्यात उघडलं. तेरा नंबरच्या वहीच्या कडा तपकिरी, लाटांसारख्या वेड्यावाकड्या. पंधराच्याही तशाच. मधली चौदा मात्र सरळ, पांढरी. तिनं ती टेबलावर आणली. उघडणार, तेवढ्यात दप्तरबाईंनी वर तळहात ठेवला.

“नको. तेव्हा तुला नुसतं वाचता येत होतं. आता कागद कळतो तुला, शाई कळते.”

“हात काढा.”

“सांगून टाका बाई,” शिपाई हळूच म्हणाला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

दप्तरबाईंचा हात हलला नाही.

“टाकी पहिल्यांदा फुटली, तेव्हाच खरी वही लगदा झाली. मी वर कळवलं नाही. नोकरी गेली असती. दोन वर्षांनी तू आलीस. वही मिळणार नाही म्हटलं, तरी तीन दिवस त्या बाकावरून उठली नाहीस. चौथ्या दिवशी मी कोरी वही काढली. हिच्यात एकच पान लिहिलेलं आहे.”

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. बादलीत थेंब पडत होते.

“वय सुचलं, शेरा सुचला,” दप्तरबाई म्हणाल्या. “नाव काही केल्या सुचेना, मग घरातलंच घातलं. ती शिवणकाम करायची ना पोरी, ती माझी आई.”