भरल्या पोटाचे मासे

"काका, पुढच्या रविवारपासून आम्ही आपट्याला जाणार," शैलेशने रिकामा गळ गुंडाळत सांगून टाकलं. "नदीला निदान काहीतरी लागतं. इथे पाण्याकडे टक लावून बसण्यापेक्षा घरी झोप तरी होईल."

कृष्णकांतांनी चहाच्या थर्मासचं झाकण लावलं. तुम्हीही चला, असं कुणी म्हटलं नाही. गाडीत पाचच जण मावतात, हे त्यांनाही कळत होतं.

सुकापूरजवळचं हे तळं त्यांच्याच खटपटीने माणसांत आलं होतं. रिटायर झाल्यावर सरकारी पायऱ्या झिजवून त्यांनी जलपर्णी काढून घेतली, रोहू-कटल्याची पिल्लं सोडून घेतली आणि दर रविवारी सकाळी हौशी लोकांना गळ टाकायला काठ मोकळा करून दिला. मासा लागला की वजन करायचं, फोटो काढायचा, परत पाण्यात सोडायचा. तळं ते केवढं, पण रविवारी जत्रा भरायची. 'काका, इकडे या', 'काका, केवढा आहे बघा', 'काका, चहात साखर विसरलात'. हल्ली बाकीचे दिवस घरात टीव्हीखेरीज कुणी बोलत नसे. माणूस रविवारवर जगतो म्हणजे काय, ते कृष्णकांतांना विचारावं.

होळीनंतर मासे लागेनासे झाले. कृष्णकांतांनी कुणावर संशय घ्यायचं बाकी ठेवलं नाही. चोरून जाळं टाकणाऱ्यांना शिव्या घातल्या, पाणकावळे हाकलले, पिल्लं विकणाऱ्याशी फोनवर भांडले. मासे बधले नाहीत. माणसं मात्र कमी होत गेली. मोठा थर्मास माळ्यावर गेला आणि छोटा आला. आता तोही नको म्हणायची पाळी आली होती.

एवढ्यात मोनालीची काठी वाकली. बँकेतली ही मुलगी एकही रविवार चुकवत नसे. सगळे धावले. चांगला हातभर रोहू ओल्या फडक्यावर आला. गळ सोडवताना त्याने तोंडातून काहीतरी बाहेर टाकलं.

"ई! हे काय?" मोनाली मागे सरली.

उरणकडचा बुधाजी कोळी लेकीकडे राहायला आल्यापासून तळ्यावर येऊन बसायचा. त्याने ते बोटावर घेतलं.

"डालिंब्या हायत गो पोरी, वालाच्या! ह्या बग, खोबरा पन हाय." म्हातारा तोंडभर हसला. "आमाला घरी कोन बिरडं घालत नाय, न् ह्यांची रोज पंगत!"

सगळा काठ हसला. शैलेश तर हसून हसून खाली बसला.

"म्हणजे मासे आहेत, काका! पोटं भरलीत त्यांची. कणकेच्या गोळीला कशाला विचारतील? कोण जेवू घालतंय त्याला शोधा आणि चांगला दम भरा. हे बंद झालं, तर आपटा कॅन्सल!"

"भरतो," कृष्णकांत म्हणाले. तेही हसले, पण सगळ्यांच्या मागून.

संध्याकाळी दाराच्या कडीला रोजच्यासारखे दोन डबे लटकत होते. सुकापूरची निशा रात्रीचं जेवण पाठवायची. एक डबा त्यांचा, एक बायकोचा, रमाचा. शनिवारी बिरडं, आणि रमाच्या डब्यात खोबरं जास्त, हे रमानेच तिला सांगून ठेवलेलं. कृष्णकांत आपला डबा खात. रमाचा तिच्या जागेवर रात्रभर तसाच राही. उजाडताना फिरायला जाताना ते तो तळ्याच्या पलीकडच्या पायऱ्यांवर नेऊन रिकामा करत. अन्न कचऱ्यात टाकवत नव्हतं. मासे पायाशी गोळा होत. आपली कुणीतरी वाट बघतंय, एवढ्यानेच त्यांना बरं वाटे. आजही पहाटे ते जाऊन आले होते. ह्यात आपण काही बिघडवतोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता रविवार हवा असेल, तर हा डबा थांबवायला हवा. त्यांनी दोन्ही डबे टेबलावर मांडले. मग त्यांनी फोन लावला.

"निशा, उद्यापासून एकच डबा पाठव."

"एकच? का हो काका, मीठबीठ जास्त पडलं का?" निशा घाबरीघुबरी झाली. "आणि काकूंच्या जेवणाचं काय?"

नातेवाइकांना तेव्हा भाच्यानेच कळवलं होतं; निशाला कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. कृष्णकांतांनी स्वतःच्या तोंडाने ते अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी समोरच्या डब्यावर हात ठेवला. तो अजून गरम होता.

"तुझ्या काकू होळीलाच वारल्या गं."