पेलाभर आंबील

गावच्या शाळेत आरोग्य शिबिर झालं, तेव्हा रांगेतल्या निम्म्या लोकांना बीपी निघालं. जयाबाईच्या नवऱ्याला, रवळूला निघालं, तसं धाकट्या दिराला, भरमूलाही निघालं. रवळूनं आठवडाभरातच गोळ्यांना रामराम ठोकला. "दुखत न्हाय, खुपत न्हाय, मग गोळी कशाला?" जयाबाईनं दोन-तीनदा विनवून बघितलं आणि मग तो विषयच सोडून दिला. पुढच्या तपासणीत रवळूचं बीपी अगदी जिथल्या तिथं! तेव्हापासून भेटेल त्याला तो छाती काढून सांगायचा, "माझ्याकडं बघा. गोळी न्हाय, काय न्हाय. सकाळी पेलाभर नाचण्याची आंबील, बास."

थोरल्या भावाचा शब्द भरमूनं कधी खाली पडू दिला नव्हता. त्यानंही गोळ्या सोडल्या.

काल गोठ्यात धार काढताना भरमूच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली.

बेळगावच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर रवळू कालपासून उपाशी बसून होता. जयाबाई घरून आंबील घेऊन आली, तसा तिचा हात धरून तो म्हणाला, "गोळी दोघांनीबी सोडली गं. मग मला सोडून त्यालाच कसं झालं?"

जयाबाईनं आपला हात सोडवून घेतला. तिनं पेल्यात आंबील ओतली, पदराची गाठ सोडून रोजची गोळी काढली, चमच्यानं तिची पूड केली, आणि आज पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांदेखत ती आंबिलीत ढवळली.