एक वाजता लिनक्स विचारतं

दुपारचा संदेश मी पुसला. नाही, पुसणार होतो, पण पुसलाच नाही. एक वाजायचाय, डबा अजून बंद आहे. आमच्या रत्नागिरीच्या बँकेच्या कपाटाएवढ्या मेनफ्रेम संगणकावर माझ्यासोबत काम करणाऱ्या चारुदत्तकाकांनी लिनक्स ही संगणकप्रणाली बसवली. "फुकटचं आहे, शिकवू ते शिकतं," म्हणत त्याला रोज एक वाजता माझ्या स्क्रीनवर विचारायला शिकवलं, "जेवलास काय रे?" काका शिमग्यात वारले. सर्व्हररूममध्ये मी आणि एसी उरलो. लिनक्स विचारायचं, मी डबा उघडायचो. परवा नवी आवृत्ती चढवताना माझ्या चुकीने तो प्रश्न सगळ्या शाखांत गेला. राजापूरहून मॅनेजरबाईंचा फोन. "हे अरेतुरे कोण करतंय?" "चारुदत्तकाका." "द्या त्यांना." "वारले." "मग विचारतंय कोण?" "लिनक्स." "मुलगा का त्यांचा?" "तसंच." "पुसा ते! आणि जेवलेय म्हणावं." मग मी वरच्या साहेबांना अर्ज लिहिला: साहेब, सदर संदेश दिवंगत कर्मचाऱ्याचा असल्याने त्यांच्या लेखी संमतीविना पुसू नये, ही नम्र विनंती.